सौरवादळ की भूचुंबकीय वादळ?

प्रश्न : बातम्यांत कधी ‘सौरवादळ’ येतं, कधी ‘सौरज्वाला’, कधी ‘भूचुंबकीय वादळ’. तिन्ही एकच का?

उत्तर : नाही. सौरज्वाला म्हणजे सूर्यावरचा प्रारणाचा (प्रकाश, क्ष-किरण वगैरेंचा) भडका. त्याचे क्ष-किरण सव्वाआठ मिनिटांत इथे पोचतात आणि पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूला लघुलहरी रेडिओसंपर्क बिघडवतात. याला भूचुंबकीय वादळ म्हणत नाहीत.

त्या वादळासाठी सूर्यावरून पदार्थ यावा लागतो. सूर्याच्या प्रभामंडलातून, म्हणजे त्याच्या सर्वांत बाहेरच्या वातावरणातून, अब्जावधी टन प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा तप्त वायू) स्वतःचं चुंबकीय क्षेत्र घेऊन सुटतो, त्याला सीएमई (कोरोनल मास इजेक्शन) म्हणतात. तो साधारण एक ते तीन दिवसांत पोचतो. १८५९ साली इंग्रज खगोलशास्त्रज्ञ कॅरिंग्टनने पाहिलेल्या ज्वालेनंतर साडेसतरा तासांतच वादळ आलं होतं. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत तेव्हा चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) घसरलेला नोंदला गेला. वादळ असतं ते पृथ्वीच्या चुंबकावरणात, म्हणजे तिच्याभोवतीच्या चुंबकीय कवचात, म्हणून ‘भू’.

प्रश्न : मग प्रत्येक सीएमईनंतर वादळ का येत नाही?

उत्तर : एक तर बरेचसे भलतीकडेच जातात. आणि समोर आलेल्यांतही त्यांच्या क्षेत्राची दिशा महत्त्वाची. ती उत्तरेकडे असेल तर परिणाम बेताचा. दक्षिणेकडे असेल, म्हणजे समोरच्या बाजूच्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट, तर दोन्हीकडच्या बलरेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात आणि सौरवाऱ्याची (सूर्याकडून सतत वाहणाऱ्या प्लाझ्माची) ऊर्जा आत शिरते. पृथ्वीभोवती कड्यासारखा फिरणारा विद्युतप्रवाह, म्हणजे वलयप्रवाह, बळावतो आणि जमिनीवरचं क्षेत्र दबतं. ही दिशा नक्की कळते ती प्लाझ्मा पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने पंधरा लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूपाशी असलेल्या यानांपर्यंत आल्यावर. तोवर हाताशी तासभर, कधी त्याहूनही कमी वेळ उरतो. म्हणून अंदाज हुकला की हवामानखात्याला हसतात तसं या वादळांचा अंदाज देणाऱ्यांना हसू नये!

आणखी एक शंका : ज्वाला नाही, सीएमई नाही, तरी वादळ होतं का?

उत्तर : होतं. प्रभामंडलातल्या विवरांमधून (तिथल्या विरळ, काळपट दिसणाऱ्या भागांमधून) वेगवान सौरवारा सुटतो, त्यानेही होतं. ही वादळं बहुधा सौम्य असतात, पण सूर्याच्या सुमारे २७ दिवसांच्या फेऱ्याबरोबर परत परत येतात.

प्रतिसाद : ‘सौरवादळ’ हा या सगळ्यांना सरसकट लावला जाणारा शब्द बोलण्यात चालू द्यावा, पण परिणाम लिहिताना मोघम पडतो. १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्वेबेकची वीज सुमारे नऊ तास गेली. बदलत्या चुंबकीय क्षेत्राने जमिनीत आणि तारांत प्रवाह उत्पन्न केले, त्यामुळे. तिथे ‘भूचुंबकीय’च हवं. तीव्रतेची जी-१ ते जी-५ ही मापनश्रेणीही भूचुंबकीय वादळाचीच. ज्वालांचे वर्ग निराळे, ए, बी, सी, एम, एक्स. ‘एक्स वर्गाचं वादळ’ असं कुठे वाचलंत तर लिहिणाऱ्याने दोन्हींची खिचडी केली आहे असं समजा.