स्ट्रोकनंतर हातासाठी व्हिडिओ बघायचे: कोणते आणि किती वेळ?

मृण्मयी_क
आईला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. आता उजवा खांदा, कोपर बऱ्यापैकी हलतात, पण बोटांत पकड येत नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, व्यायामाआधी हाताने काम करतानाचा व्हिडिओ दाखवा, मग तीच हालचाल करून घ्या. आई म्हणते, नुसतं बघून हाताला काय होणार? कुणी केलंय का हे? काय दाखवू?

सुमेधा_ओटी
मृण्मयी, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. जरूर करा. आईंना सांगा, बघताना हात गप्प असला तरी मेंदू गप्प नसतो. १९९५ मध्ये इटलीत फादिगा आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या डोक्यावरून, हालचालींच्या भागाला चुंबकीय ठोका देऊन हाताच्या स्नायूत किती प्रतिसाद उठतो ते मोजलं. दुसरा कुणी वस्तू उचलतोय हे बघताना तो प्रतिसाद वाढायचा, आणि वाढायचा तो उचलायला जे स्नायू लागतात त्यांतच.

आता काय दाखवायचं? २००५ मध्ये लंडनला बॅले नर्तक आणि कापोएरा (ब्राझीलचा नाच-कुस्तीसारखा प्रकार) खेळणारे यांना दोन्ही प्रकारांचे व्हिडिओ दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. ज्याला जे येतं, ते बघताना त्याच्या मेंदूतले हालचालींचे भाग जास्त कामाला लागले. म्हणून परदेशी व्हिडिओ शोधत बसू नका. आई वर्षानुवर्षं जे करत आल्या तेच घरी मोबाइलवर शूट करा. लसूण सोलणं घ्या: पाकळी चिमटीत धरणं, नखाने साल उचकटणं, ओढून काढणं. एकेक टप्पा वेगळा आणि सावकाश. कॅमेरा करणाऱ्याच्या खांद्यामागून धरा, म्हणजे आईंना तो हात आपल्याच जागेवरून दिसेल. चेहरा नको, मागे टीव्ही नको.

थोडं बघायचं, लगेच तेवढंच करायचं, पुन्हा बघायचं. बोटं हलली नाहीत तरी प्रयत्न करू द्या. किती वेळ ते तुमच्या फिजिओच ठरवतील, त्यांनी हात पाहिलाय. लक्ष उडालं की थांबायचं.

अनिरुद्ध७१
सुमेधाताईंशी सहमत, एक भर घालतो. इटलीतल्या पार्माच्या प्रयोगशाळेत १९९०च्या सुमारास माकडांमध्ये मिरर न्यूरॉन, म्हणजे स्वतः हालचाल करताना आणि दुसऱ्याला तीच करताना बघतानाही जाग्या होणाऱ्या मेंदूतल्या पेशी, सापडले आणि मग सहानुभूतीपासून भाषेपर्यंत सगळं त्यांच्या नावावर खपवलं गेलं. त्यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. या उपचाराबद्दल कोक्रेनच्या (उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) आढाव्यात हाताच्या कामात फायदा दिसलाय, पण हा नेहमीच्या व्यायामाच्या जोडीने करायचा. व्हिडिओ चालू आहे म्हणून फिजिओची एकही पाळी चुकवू नका.

मृण्मयी_क
दोघांचेही मनापासून आभार! आईला लसूण सोलण्याचं सांगितलं तर म्हणाली, त्यापेक्षा गजरा कर, मी बघते. पण मी डावखुरी आहे. माझा डावा हात दाखवला तर चालेल का?

सुमेधा_ओटी
गजरा उत्तम, पण तो दोन्ही हातांचा आणि बारीक बोटांचा खेळ आहे, त्यामुळे सुरुवातीला फक्त फुल उचलून ठेवण्यापर्यंतच. डाव्या हाताने शूट करा आणि मोबाइलमध्येच व्हिडिओ आडवा उलटवा, एडिटमध्ये 'फ्लिप' असतं. मग पडद्यावर तो उजवा हात दिसेल. अंगठा कुठल्या बाजूला आलाय ते दाखवण्याआधी एकदा बघून घ्या.