कानातला मळ : काडी नको

मळ काढायला कापसाची काडी वापरावी, असे सुचवले जाते; त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. मळ कानाच्या बाहेरच्या भागातच तयार होतो आणि जबडा हलताना आपसूक बाहेर सरकतो, काडीने मात्र तो पडद्यापाशी ठासला जातो. मालवणला माझ्या पुतण्याचा कान कोळंबच्या खाडीत डुंबल्यावर एकाएकी बंद झाला, कारण आत ठासलेला मळ पाण्याने फुगला होता. डॉक्टरांच्या सल्ल्याने चार रात्री कोमट तेलाचे दोन-तीन थेंब घातले, मग त्यांनी शरीराइतक्या, म्हणजे ३७ अंशांच्या पाण्याची धार सोडून काळपट, चिंचोक्यासारखी गोळी बाहेर काढली. कान वाहत वा दुखत असेल, पडद्याला भोक असेल किंवा पावसाळी दमटपणाने आत बुरशी धरली असेल, तर तेलाचा थेंबही घालू नये.