टीसी नाही म्हणून शाळेत घेत नाहीत, काय करू?

बहिणीची_बहीण
भाची ९ वर्षांची, तिसरीत. आईबाप ऊसतोडीला गेले, सोबत तिलाही नेलं. कारखान्याजवळच्या शाळेत नाव घातलं होतं, पण दिवसभर कोपीवर धाकट्याला सांभाळायची. म्हणून जानेवारीत मी तिला माझ्याकडे आणलं. इथल्या शाळेत म्हणतात, "टीसी आणा, आणि आता वर्ष संपत आलं." वर ऐकवलं, "पोरं शिकवणं आईबापाचं कर्तव्य आहे, संविधानातच लिहिलंय." पोरगी दप्तर पोटाशी धरून दारात उभी होती. खरंच तसं लिहिलंय का?

जुने_गुरुजी
लिहिलंय ताई, पण तुम्हाला अर्धंच वाचून दाखवलं. ते कर्तव्य २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनं आलं, कलम ५१क मधलं ११ वं. त्याच दुरुस्तीनं २१क आलं: ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण सरकारनं द्यायचं. हा मूलभूत हक्क आहे. आईबाप चुकले म्हणून लेकराचा हक्क जातो, असं कुठंही नाही.

आणि हा हक्क सुखासुखी मिळालेला नाही. १९५० साली तो कलम ४५ मध्ये, मार्गदर्शक तत्त्वांत होता. १० वर्षांत करू म्हटलं होतं, पण कोर्टात मागायची सोय नव्हती. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो जगण्याच्या हक्काशी जोडला, मग २००२. इतक्या पिढ्या गेल्यावर कुणी पोरीला दारात थांबवतं, तेव्हा जीव तुटतो.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातली ही कलमं अर्जात घाला. कलम ५, टीसीला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, लांबवताही येत नाही. कलम १५, मुदत उलटली तरी नाही म्हणता येत नाही. कलम ९, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश बघणं स्थानिक प्राधिकरणाचं काम. दोन प्रती न्या, एकीवर सही-शिक्का घ्या. नकार दिला तर लेखी मागा आणि तो कागद घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.

माळावरची
गुरुजी म्हणतात तसंच करा. तोंडी बोलणं तिथंच विरतं, शिक्क्याचा कागद राहतो.

बहिणीची_बहीण
शिक्का मिळाला, सोमवारी पाठवा म्हणाले! पण दाजी घाबरलेत. मुकादमाची उचल फिटेपर्यंत येता येत नाही. कर्तव्य मोडलं म्हणून त्यांच्यावर केस होईल का?

जुने_गुरुजी
नाही. ५१क मध्ये शिक्षा नाही, शिक्षणहक्क कायद्यातही आईबापाला दंड ठेवलेला नाही. दाजींना आजच फोन करून सांगा.