देव्हाऱ्यातली चकती आणि थोरले आबा: खरं नाव कसं शोधू?

पंचवटीकर

आमचं मूळ गाव सिन्नर तालुक्यात. माझ्या पणजोबांचे थोरले भाऊ पहिल्या महायुद्धात पलटणीत होते. "बसऱ्याला गेले ते तिकडेच राहिले," एवढंच आजी सांगते. बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं. तिचं वय ९१. ती लग्न होऊन आली तेव्हाही सगळे त्यांना थोरले आबाच म्हणायचे. खरं नाव आज घरात एकालाही ठाऊक नाही. सर्वपित्रीला गुरुजी नाव विचारतात आणि बाबा खाली मान घालून "थोरले आबा" म्हणतात. दरवर्षी ते ऐकलं की माझ्या पोटात कालवतं.

त्यांची म्हणून एकच वस्तू घरात आहे. बशीएवढी गोल चकती, पितळेसारखी दिसणारी, हाताला चांगली जड. त्रिशूळ घेतलेली बाई आणि पुढे सिंह. आबांच्या आईला वाचता येत नव्हतं. तिने ही वणीची देवी समजून देव्हाऱ्यात ठेवली. तेव्हापासून दर दसऱ्याला चिंचेने घासायची, हळदकुंकू वाहायचं. बाजूला एक चौकट आहे. तिथे अक्षरं होती हे बोटाला कळतं, डोळ्यांना दिसत नाही. एकदा मोडीच्या भांड्यांबरोबर ती तांबट आळीपर्यंत गेली होती, काकांनी धावत जाऊन परत आणली.

मेडल नाही, कागद नाही. सुरुवात कुठून करू?

देवळालीकर (निवृत्त)

ताई, ती ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटन देशाचं स्त्रीरूपातलं प्रतीक. युद्धात गेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी सरकारने ही कांस्याची चकती पाठवली होती, व्यास सुमारे १२ सेंटीमीटर. कडेच्या इंग्रजी ओळीचा अर्थ, 'स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी त्याने प्राण दिला'. चौकटीत फक्त नाव असतं. हुद्दा मुद्दामच घालत नसत, शिपाई आणि जनरल सारखेच. देव्हाऱ्यातून मात्र ती हलवू नका. त्या माउलीने पोराचीच पूजा केली.

चिंच आजपासून बंद. चौकटीवर पातळ कागद धरा आणि मऊ शिसपेन्सिल आडवी करून हलक्या हाताने फिरवा. रात्री दिवा घालवून टॉर्च अगदी कडेने मारून पाहा, झिजलेलं अक्षरही सावली टाकतं.

मग राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर जा. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त जणांची नोंद आहे. आपल्या साध्या शिपायांची नावं तिथल्या दगडावर कोरली नाहीत, पलटणीपुढे नुसता आकडा घातला. हे मला आजही सलतं. नावं नोंदवहीत आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी बापाचं नाव आणि गावही आहे. आडनाव बहुतेक वेळा नसतंच, म्हणून त्यावरून शोधत बसू नका. जुन्या स्पेलिंगने 'नासिक' टाका, मग सिन्नर. मराठा पलटणी तेव्हा १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या क्रमांकांच्या होत्या. १०३, ११० आणि ११७ इराकमधल्याच कुतच्या वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली, आणि कैदेत गेलेले कितीतरी वाटेतच संपले. १११ महार ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली, तीही बघा.

मोडीवाचक

देवळालीकरांचं बरोबर आहे, पण मी आधी गावात शोधेन. आबांच्या नावावर जमीन असेल तर ते गेल्यावर वारसाचा फेरफार झालाच असणार. 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर जुने फेरफार स्कॅन केलेले आहेत. तिथे नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. १९१६ ते १९२० चाळा, बरंचसं मोडीत सापडेल.

आणि ताई, तुम्ही पंचवटीत राहता! रामकुंडावर तुमच्या गावाचे तीर्थोपाध्याय कोण, ते विचारा. त्यांच्या वह्यांत तुमच्या घराण्यातलं कोण कधी आलं, बरोबर कोण होतं, कोणासाठी विधी केला, सगळं पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेलं असतं. देह हाती आला नाही तरी त्या माणसांना पोराचे दिवस घातल्याशिवाय राहवलं नसेल.

पंचवटीकर

दोघांचे आभार कसे मानू कळत नाही. टॉर्चने पहिली तीन अक्षरं आणि शेवटचं एक दिसलं. मधलं काही लागेना. फेरफार अजून मिळालेला नाही.

काल बाबांना घेऊन रामकुंडावर गेले. उपाध्यायांनी लाल कापडातली वही काढली आणि गावाचं पान उघडलं. शके १८३९, म्हणजे १९१७-१८. खापरपणजोबा आले होते, सोबत धाकटा मुलगा, म्हणजे माझे पणजोबा. पुढची ओळ मोडीत होती. गुरुजींनी बोट ठेवून सावकाश वाचली: थोरल्या मुलाचं नाव, आणि त्यापुढे 'बसरे मुक्कामी वारले'. टॉर्चखाली दिसलेली चारही अक्षरं जुळली. बाबा तिथेच पायरीवर बसले आणि ते नाव दोनतीनदा स्वतःशीच म्हणाले.

नाव आज इथे लिहीत नाही. सर्वपित्री पंधरा दिवसांवर आली आहे. आधी बाबांच्या तोंडून ते गुरुजींसमोर निघू दे. मग संकेतस्थळावरची नोंद शोधायला तुमच्याकडेच येते.