सिंधी कॉलनीतल्या मुलाखती: संमतीपत्रावर सही घ्यायची का?

वाघूरकाठ
एमएच्या प्रबंधासाठी जळगावातल्या सिंधी कुटुंबांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. गट दोन: १९४७-४८ साली सिंधमधून आलेले आजी-आजोबा, आणि अलीकडे पाकिस्तानातून येऊन दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणारी कुटुंबं. गाइड म्हणतात, सगळ्यांना एकच छापील संमतीपत्र द्या. नाव, सही, मोबाइल नंबर घ्या. सिंधी पंचायतीच्या मुखींनी (प्रमुखांनी) होकार दिलाय. एवढं पुरेल का?

गिरणामाई
नाही पुरणार, ताई. मुखींच्या होकाराने फक्त दार उघडतं. उलट त्यांनी पाठवलेल्या संशोधकाला नाही म्हणणं लोकांना जड जातं. त्यामुळे संमती त्यांच्यासमोर विचारू नका, आणि कोण तयार झालं, कोण नाही, हे त्यांना नंतरही कळवू नका.

दुसऱ्या गटाकडून सही घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. भारत १९५१ च्या निर्वासितविषयक कराराचा सदस्य नाही. या कुटुंबांचं इथलं राहणं व्हिसाच्या मुदतवाढीवर अवलंबून आहे. नाव-सहीचा कागद विद्यापीठाच्या फायलीला उपयोगी, त्यांना मात्र तो धोक्याचा. तोंडी संमती घेता येते, पण ती पद्धत नैतिकता समितीकडून (संशोधनात सहभागींना अपाय होणार नाही ना, हे तपासणारी समिती) आधी मंजूर करून घ्या. कॉलेजात समिती नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या समितीशी करार करून अर्ज करता येतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तशी सोय आहे.

सातपुडा_पायथा
‘तुमची माहिती कुणालाही कळणार नाही’ हे वाक्य संमतीपत्रातून काढा. संशोधकाला वकिलासारखं कायदेशीर संरक्षण नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ९४ खाली न्यायालयाला किंवा पोलिसांना कागदपत्रं, रेकॉर्डिंग मागवता येतं. म्हणून पासपोर्ट नंबर, आल्याची तारीख, सीमेपलीकडच्या नातेवाइकांची नावं-गावं विचारूच नका. प्रबंधाला ती लागतही नाहीत. बांगलादेशात रोहिंग्यांची नोंदणी करताना घेतलेली माहिती म्यानमार सरकारपर्यंत पोहोचली, हे ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने २०२१ मध्ये मांडलं. अनेकांना ओळखपत्र मिळणार एवढंच माहीत होतं.

फोनवर रेकॉर्डिंग करणार असाल तर क्लाउड बॅकअप आणि लोकेशन बंद ठेवा. आवाजाचं आपोआप लिखाण करणारी अ‍ॅप टाळा, फाइल अनेकदा परक्या सर्व्हरवर जाते. मुलाखतींवर नावाऐवजी कोड टाका; कोणता कोड कुणाचा, ती यादी वेगळ्या, पासवर्ड लावलेल्या पेनड्राइव्हवर. लिखाण तपासून झालं की ठरल्या मुदतीत रेकॉर्डिंग पुसा.

नाव बदलून ओळख लपत नाही, हे सर्वांत जास्त चुकतं. ‘मूळ शिकारपूरचे, फुले मार्केटात कापड दुकान, तिघे भाऊ’ एवढ्यावरून अर्धं जळगाव घर सांगेल. ‘उत्तर सिंध, व्यापारी कुटुंब’ इतकंच लिहा.

केळीबाग
ज्येष्ठांबद्दल. १९४७ ला दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीच्या आसपास आहे. एका बैठकीला ४५ मिनिटं पुष्कळ. सुरुवात घर, शाळा, जेवण यांपासून करा. दंगलीचा विषय त्यांनी काढला तरच. बायकांवरच्या अत्याचारांबद्दल स्वतःहून विचारायचं नाही; आजी बोलल्या तर ऐकायचं, तपशील खोदायचे नाहीत. हात थरथरू लागले, तेच वाक्य परत परत आलं, तर रेकॉर्डर बंद करा, पाणी द्या, थांबायचं का विचारा. शेवटची दहा मिनिटं आजच्या गप्पांना ठेवा. गरज पडली तर कुणाकडे पाठवायचं, तो समुपदेशक आधीच ठरवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही जवळ असू द्या.

दुभाषा म्हणून घरचा नातू नको. आजी त्याच्यासमोर बरंच गिळतात, किंवा त्याला जे ऐकायला नको ते पहिल्यांदा तिथेच ऐकावं लागतं.

आणि या गटावर अनामिकता लादू नका. आपलं नाव छापून यावं असं अनेकांना वाटतं. नाव, आवाज, फोटो: तिन्हींचा होकार वेगवेगळा विचारा.

वाघूरकाठ
दोन फॉर्म करते. मानधन द्यावं का? काही जण हातगाडी लावतात, तासभर धंदा बुडेल.

गिरणामाई
बुडालेला धंदा आणि रिक्षाभाडं द्या. रक्कम सगळ्यांना सारखी, आधी सांगितलेली. कुणी दहाव्या मिनिटाला उठून गेलं तरी पूर्ण द्यायची. नाहीतर पैशांसाठी माणूस नको ते बोलत बसतं.