जपानहून पेन मागवलं, कुरिअरवाले ३,६८८ मागतायत, बरोबर आहे का हे?

शाईचा_डाग:
नमस्कार मंडळी, बाहेरून पहिल्यांदाच काही मागवलंय म्हणून विचारतोय. जपानच्या एका दुकानाच्या साइटवरून फाउंटन पेन घेतलं, पेन साडेआठ हजार आणि शिपिंग दीड हजार, साइटवर ठळक अक्षरात 'टॅक्स फ्री' लिहिलेलं. पार्सल मुंबईत आलं, केवायसीला आधार मागितलं ते दिलं, आणि आज मेसेज की ३,६८८ भरा मग डिलिव्हरी. बिलात असेसेबल व्हॅल्यू १०,००० धरलीये, मग बेसिक ड्युटी १,०००, एसडब्ल्यूएस १००, आयजीएसटी १,९९८ आणि खाली ५९० कसले तरी. टॅक्स फ्री होतं ना मग?? आणि १० टक्के ड्युटी नि १८ टक्के जीएसटी धरला तरी २,८०० होतात, वरचे कुठून आले?

निब_घासू:
टॅक्स फ्री म्हणजे जपानने त्यांचा १० टक्के कन्झम्प्शन टॅक्स लावला नाही, माल देशाबाहेर चाललाय म्हणून, बास. आपल्या कस्टमला त्याचं काही देणंघेणं नाही.
आता हिशोब. ड्युटी नुसत्या पेनावर नसते, शिपिंग आणि विमा धरून असते, म्हणून १०,००० वर १,०००. एसडब्ल्यूएस म्हणजे सोशल वेल्फेअर सरचार्ज, तो ड्युटीच्या १० टक्के, म्हणजे १००. झाले ११,१००, आणि आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, लागतो तो या ११,१०० वर, मूळ किमतीवर नाही. १,९९८ तिथून आले. टॅक्सवर टॅक्स आहे सरळ, म्हणून २८ चे ३०.९८ टक्के होतात.

सातारी_कंदी:
आणि ते ५९० सरकारचे नाहीतच!! कुरिअरवाल्याने तुझी ड्युटी आधी भरली त्याची त्याची फी ५००, वर १८ टक्के जीएसटी. खरा राग यावर यायला हवा कारण वस्तू दोन हजाराची असली तरी फी तेवढीच, म्हणून छोट्या ऑर्डरी सुट्या सुट्या मागवूच नयेत. दुकान पोस्टाने ईएमएस (पोस्टाची एक्सप्रेस सेवा) करत असेल तर ते घे, फॉरेन पोस्ट ऑफिसमधून येतं, ड्युटी पोस्टमन दारात घेतो. वेळ लागतो पण, आणि ट्रॅकिंग मध्येच मुकं होतं.

घाट_उतार:
एवढं कशाला, दुकानाला सांगायचं गिफ्ट लिही आणि किंमत हजार टाक. विषय संपला

निब_घासू:
@घाट_उतार नको ते सल्ले देऊस रे. डिसेंबर २०१९ पासून पोस्ट-कुरिअरने ड्युटी न भरता गिफ्ट म्हणून काही आणायलाच बंदी आहे, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून. आणि खोटी किंमत पकडली तर कस्टम स्वतः किंमत ठरवतं, दंड वेगळा, माल जप्त पण होऊ शकतो. शिवाय पार्सल हरवलं तर भरपाई मागणार कुठल्या तोंडाने, हजाराचीच ना?

मोगरा_आणि_मी:
भाऊ पैसे भरायच्या आधी एक कर, मेसेजमधल्या लिंकवर जाऊ नकोस, कुरिअरच्या साइटवर स्वतः जाऊन ट्रॅकिंग नंबर टाक आणि तिथेच भर. कस्टम ऑफिसर बोलतोय, पार्सल अडकलंय, अमुक यूपीआयवर पाठवा असले फोन सर्रास येतात आणि घाबरून लोक पाठवतात पण. कस्टमचं पत्र म्हणून काही आलं तर त्यावरचा डीआयएन नंबर (प्रत्येक सरकारी पत्राचा वेगळा ओळख क्रमांक) सीबीआयसीच्या, म्हणजे कस्टम ज्यांच्या हाताखाली येतं त्या केंद्रीय बोर्डाच्या, साइटवर टाकून बघायचा, खरं की खोटं लगेच कळतं. आणि बिल ऑफ एन्ट्रीची (कस्टमला दिलेल्या आयातीच्या कागदाची) कॉपी मागून घे, वस्तूचं वर्णन नि एचएसएन कोड (मालाच्या प्रकाराचा नंबर) चुकला की रेटच बदलतो. पुढच्या वेळी चेकआउटला डीडीपी दिसलं तर ड्युटी त्यातच आली असं समज, डीडीयू किंवा डीएपी असेल तर दारात मागणार.

शाईचा_डाग:
साइटवर चेक केलं, आकडा तोच आहे, भरले. धन्यवाद सगळ्यांना. पण पेनात शाई भरायचा कन्व्हर्टर घ्यायचा राहिलाय आठशेचा, त्याच्यासाठी परत शिपिंग नि परत ५९०??

सातारी_कंदी:
थांब जरा, पुढच्या महिन्यात मी तिथूनच दोन निब मागवतोय, त्यातच टाकतो तुझा. खर्च वाटून घेऊ.

घाट_उतार:
माझी पण एक शाईची बाटली टाका की त्यात 😄

सातारी_कंदी:
बाटली नाही. विमानात गळली तर माझे निब निळे.