वस्तीत मोफत कायदा सल्ला शिबिर: पत्रकात काय घालावं?

प्रश्न (पारडीकर): दोन वकिलांचं ऑफिस आहे. रविवारी वस्तीत शिबिर घेतोय, सोबत नव्या कायद्यांचं एकपानी पत्रक. काय घालू, काय टाळू?

उत्तर (सिव्हिल लाइन्स): भाऊ, आधी बॅनर बघा. बार कौन्सिलचा नियम 36 वकिलाला जाहिरात करू देत नाही. पत्रकावर ऑफिसचा नंबर टाकला की ती जाहिरातच. त्या जागी 15100 छापा, नालसाची (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) मोफत कायदा मदतीची हेल्पलाइन. कलमांची यादी कोंबू नका, कोणी वाचत नाही. फसवणुकीचं '420' आता भारतीय न्याय संहितेत 318(4), एवढं पुरे. मात्र 1 जुलै 2024 आधीच्या गुन्ह्याला जुनी दंड संहिताच लागते. घोळ इथेच होतो. पोलिसांना ऑनलाइन दिलेल्या तक्रारीवर तीन दिवसांत सही करावी लागते, हेही टाका.

उत्तर (महालकर): चेक बाउन्स मोठ्या अक्षरात घ्या. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला 15 दिवस, मग एका महिन्यात कोर्टात तक्रार. 'देतो ना बाप्पा' ऐकत लोक थांबतात अन् पहिली मुदतच उलटते. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो, नोटिशीची पोस्टाची पावती जपायला सांगा.

पारडीकर: मोफत सरकारी वकील मिळवायला बायांना उत्पन्नाचा दाखला लागेल का?

सिव्हिल लाइन्स: नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कोठडीतले यांना उत्पन्नाची अट नाही. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. कोरे फॉर्म सोबत न्या.